गुरुवारची पट्टी

उजव्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघ्यानं तो खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचा. असं पंधरा वेळा. ऋतुजा नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून दोनदा येते आणि समोर बसून माझ्याकडून हे करून घेते. वयानं नातीसारखी, पण शिस्त हेडमास्तरणीची. गुडघ्यातली गादी झिजलीय, हाडाला हाड घासतंय, मांडीचा स्नायू बळकट केला तर ऑपरेशन पुढे ढकलता येईल, असं डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितलं, आणि मला तिच्या हवाली केलं. हे गेले, मुलगा बंगळूरला. पुनावळ्याच्या या नवव्या मजल्यावर समोर बसून माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे ती एकटीच, म्हणून मी आकडे मुद्दाम सावकाश मोजते. तिला वाटतं, आजी फार मनापासून व्यायाम करतात.

मागच्या खेपेला तिनं मला ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायला लावलं. उजवी टाच उचलली गेली, डावी जमिनीलाच चिकटून राहिली. ती खाली बसली आणि डाव्या टाचेच्या मागचा जुना लांब व्रण बोटानं चाचपू लागली. "आजी, मूळ दुखणं इथंय. इतकी वर्षं सगळा भार उजव्या पायानं वाहिला, म्हणून तो गुडघा आधी झिजला असणार. काय झालं होतं या पायाला?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, थांब, गॅस बंद करते, पुढच्या वेळी सांगीन. कुकर शेजारच्यांचा होता.

आमचं घर कुरुळीत. आज तिथं जायचं म्हटलं तर कंटेनरच्या रांगेत अर्धा दिवस जातो, पण तेव्हा घराच्या मागे ज्वारी होती आणि पुढे पत्र्याची लांब पडवी. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख हाड बसवणारे म्हणून. त्यांच्या वडिलांकडून ते शिकले होते. गुरुवारी भोसरी-पिंपरीकडच्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून आमच्याकडे गुरुवारी जत्रा. लेथवर खांदा धरलेले, हातोडा मारून मारून कोपर दुखणारे, प्रेसवर बोट चेपलेले, सायकलवरून पडून मनगट मुरगळलेले. सकाळपासून पडवीत चपलांचा ढीग लागायचा. आप्पा कुणाकडून पैसे घेत नसत, पैशाला शिवलं की हातातला गुण जातो म्हणायचे. बरं झालं की माणसानं एक नारळ आणून द्यायचा, आणि आपल्या पट्टीची दोन अंडी आपण घेऊन यायची, एवढाच दंडक.

त्या अंड्यांचं आमच्या घराला मोठं वळण लागलं होतं. आंबेहळद, रक्त्याबोळ आणि तुरटी पाट्यावर वाटायची, त्यात अंड्याचं पांढरं कालवायचं, तो लेप दुखऱ्या जागी लावायचा, वर फडकं, फडक्यावर बांबूच्या कामट्या आणि पुन्हा फडकं. वाळलं की दगडासारखं घट्ट व्हायचं. हे सगळं माझी आत्या करायची. आई मी सातवीत असताना गेली, तेव्हापासून आत्या आमच्याकडेच होती. वाटीच्या काठावर अंडं टिचण्याचा तो आवाज, टक्, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा टक्, माझ्या लहानपणातला कुठलाही गुरुवार आठवला तरी आधी तोच ऐकू येतो. पांढरं जायचं लोकांच्या हातापायांना आणि मागे उरलेलं पिवळं आमच्या पोटाला. कांद्यावर परतलेले पिवळे बलक आणि ज्वारीची भाकरी, हे आमचं गुरुवारचं जेवण. आत्याचा उपवास असायचा, ती चव न घेता मीठ टाकायची आणि ते कधीही चुकायचं नाही. अंड्याचं पांढरं खातात हे मला फार उशिरा, मैत्रिणीच्या घरी कळलं. मी बाजूला काढून ठेवायला लागले तशा सगळ्या हसल्या.

पडवीत आप्पा बोलके होते. खांदा निखळलेल्या माणसाला त्याच्या गावाची, बैलाची, सासुरवाडीची चौकशी करत करत एकदम असा हिसका द्यायचे की तो ओरडायचा आणि मग ओरडल्याबद्दल लाजायचा, आणि सगळी पडवी हसायची. उंबरा ओलांडून घरात आले की मात्र त्यांचं बोलणं संपायचं. "ताट वाढा" आणि "दिवा लावा" याखेरीज ते माझ्याशी काय बोलत, मी आठवून पाहिलं आहे, फारसं काही हाती लागत नाही. मला तेव्हा वाटायचं की आपलंही काहीतरी मोडावं, म्हणजे आपलीही चौकशी होईल. वेडं वय. पण वाटायचं ते खरं.

मी खो-खो खेळायचे. बारावीला चाकणला होते, कॉलेजच्या संघात होते, आणि तालुक्यात माझ्याइतकी झटकन उठणारी मुलगी नव्हती, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खेळाच्या बाईच म्हणायच्या. जिल्ह्याच्या निवडीला आठवडा होता. सरावात मी पाटीवर उकिडवी बसलेली, मागून खो मिळाला, मी डाव्या पायानं जमीन रेटली, आणि कुणीतरी माझ्या टाचेवर मागून सणसणीत लाथ मारली. मी चिडून वळले. मागे कुणीच नव्हतं. जिनं खो दिला ती मुलगी चार हात लांब, माझ्या जागेवर बसलेली होती आणि माझ्याकडे बघत होती. मग मी खाली बसले, कारण पाय उभं राहू देईना.

मला घरी आणलं तो वार गुरुवारच होता. आप्पांनी पडवीतल्या सगळ्यांना बाजूला केलं, मला खाटेवर बसवलं आणि घोटा दोन्ही हातांत घेतला. इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्याशी दहा वाक्यं सलग बोललेली मी ऐकली. कशी पडलीस, कुठं कळ येती, पयलं काय वाटलं. मी म्हटलं, कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं. "खेळात पोरी मारत्यात," असं म्हणून त्यांनी त्या पोरींना दोन शिव्या घातल्या. मग म्हणाले, "पाऊल हलीव बरं." मी हलवलं. थोडं वर गेलं, थोडं खाली गेलं. आप्पांचा चेहरा सैल झाला. "हलतंय म्हंजे शीर शाबूत हाय. लचक हाय नुसती. दोन पट्ट्यांत पळाया लागशील." मोडलंय की मुरगळलंय, तुटलंय की ताणलंय, हे ओळखायचा त्यांचा हा पिढीजात नियम होता, आणि शेकडो लोकांच्या बाबतीत तो बरोबर ठरला होता. टाचेच्या वरची जाड शीर पूर्ण तुटली तरी बाजूच्या बारीक शिरा पाऊल हलवत राहतात, आणि चांगल्या चांगल्यांना फसवतात, हे त्यांना कोण सांगणार होतं. त्यांनी पाऊल नीट काटकोनात धरून पट्टी बांधली. तुटलेल्या शिरेची दोन टोकं त्यामुळे आणखी लांब गेली, हे मला पुढे कळलं.

दर गुरुवारी पट्टी बदलायची. मी एकदाही ती सोडली नाही, सैलसुद्धा केली नाही. आत खाज सुटायची तेव्हा आत्या विणायची सुई घालून खाजवून द्यायची. खरं सांगायचं तर त्या पट्टीवर माझा जीव होता. दर गुरुवारी माझाही नंबर लागत होता. तीन पट्ट्या झाल्या, सूज उतरली, दुखायचं थांबलं. मग एक दिवस मांडणीवरचा चहाचा डबा काढायला मी चवड्यांवर उभी राहायला गेले आणि डावी टाच उचललीच गेली नाही. पाय दुखत नव्हता, नुसता माझं ऐकत नव्हता. आप्पा म्हणाले, शीर आखडली, आणि महिनाभर तेल लावून चोळत राहिले. खेळाच्या बाई घरी आल्या, मला चालताना पाहिलं आणि म्हणाल्या, उद्याच्या उद्या पिंपरीला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. आप्पा सकाळी धुतलेली टोपी घालून एसटीत माझ्या शेजारी बसले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर. उजवी पोटरी मुठीत धरून दाबली, तसं उजवं पाऊल आपोआप खाली झुकलं. डावी दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग टाचेच्या वर बोटानं चाचपून म्हणाले, "इथं खड्डा आहे. शीर तुटलेली आहे आणि खूप दिवस झालेत. आता नुसती टोकं जुळायची नाहीत, दुसरीकडची शीर घेऊन जोडावं लागेल. आधी कुणी पाहिलं होतं?" माझं तोंड रेक्झिनच्या गादीत होतं, त्या रेक्झिनला औषधाचा आणि आधीच्या माणसाच्या घामाचा वास होता. मी वाट पाहिली. आप्पांचा आवाज आला, "घरीच पट्टी बांधली व्हती. पण पोरगी ऐकत न्हाई. पट्टी सोडून खेळाया जायची." डॉक्टर म्हणाले, "का गं, ऐकायचं नाही का वडिलांचं?" मी वळून बघितलं असतं तरी आप्पांचा चेहरा दिसला नसता, ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी तोंड गादीतच ठेवलं.

ऑपरेशन झालं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. आप्पांच्या पट्टीत पाऊल काटकोनात असायचं, या प्लास्टरमध्ये ते नाचणारीच्या पावलासारखं खाली झुकवलेलं होतं. आप्पा पहिल्या दिवशी माझ्या खाटेच्या पायथ्याशी बराच वेळ उभे राहिले आणि त्या झुकलेल्या पावलाकडे पाहत राहिले. मग शेतावर गेले. गावातल्या बाया बघायला आल्या. "बापाच्या हातात एवढा गुण, आन् तू पट्टी सोडलीस व्हय?" असं प्रत्येकीनं विचारलं, प्रेमानंच विचारलं. मी होकाराची मान हलवायची. आत्या तिथेच भिंतीला टेकून वाती वळत बसलेली असायची. सुई घालून तिनंच खाजवलं होतं, पट्टी सुटली नव्हती हे जगात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि तिघंही एका छपराखाली राहत होतो. ती वाती वळत राहायची. तिला तरी दुसरं घर कुठं होतं. तसं एकटेपण मला पुढे कधी आलं नाही, हे गेले तेव्हाही नाही. माणसं येत होती, विचारपूस करत होती, आणि ती सगळी एका भलत्याच मुलीला भेटून जात होती.

गुरुवार आले की मी आतल्या खोलीत पडून पडवीतलं ऐकत असे. प्लास्टरचा तो तिसरा की चौथा गुरुवार. दोघांनी धरून एका तरुण माणसाला आणलं. लातूरकडचा, भोसरीच्या एका कारखान्यात नव्यानंच लागलेला. आप्पांनी विचारलं काय झालं. तो म्हणाला, "ट्रॉली अडकली होती बघा मालाची. पाय रोवून जोर लावलो, तर मागून कुणीतर टाचेवर लाथ घातल्यासारखं झालं. वळून बघितलो तर कोणीच नव्हतं."

मी उठून बसले. माझंच वाक्य कुणीतरी परत माझ्या कानात टाकावं तसं झालं. आता आप्पा त्याला पालथं झोपवतील, मी मनात म्हटलं. दवाखान्यात त्यांनी बघितलंय, खिडकीकडे तोंड होतं तरी बघितलंय. बाहेर आप्पा म्हणाले, "पाऊल हलीव बरं." मग थोडं थांबून, "हलतंय." मग आत्याला हाक, लेप घे म्हणून. आणि वाटीच्या काठावर अंडं टिचलं. टक्.

मी आज साठी ओलांडलेली बाई आहे आणि मला त्या वेळी काय काय वाटलं ते नीट मांडता येतं. पडवीत पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यासमोर आप्पांना टोकलं तर त्यांचं नाव जाणार होतं, आणि नावाखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हतं. न टोकलं तर त्या माणसाचा पाय जाणार होता, आणि त्याच्याजवळ पायांखेरीज काही नव्हतं. पण तेव्हा मी एवढा विचार केला असं म्हटलं तर ते खोटं होईल. दुसरं अंडं फुटायच्या आत मला दारापर्यंत पोचायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. मी भिंत धरून एका पायावर उड्या मारत गेले. दुसरं अंडं फुटलंच. मी चौकट धरली आणि म्हटलं, "आप्पा, त्याला पालथं झोपवा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी नाही पाहिलं. त्यांच्या हातात बांबूची कामटी होती, ती ते अंगठ्यानं पुसत राहिले. मला वाटलं, आता मला आत हाकलतील. मग त्यांनी कामटी खाली ठेवली आणि त्या माणसाला म्हणाले, "पालथा हो." त्याची पावलं खाटेच्या कडेबाहेर काढली, बरोबर त्या डॉक्टरांसारखी. धड पायाची पोटरी दाबली, पाऊल झुकलं. दुखऱ्या पायाची दाबली, पाऊल तसंच. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा त्यांचं लक्ष त्या पायाकडे नव्हतं, माझ्या प्लास्टरकडे होतं. मग त्यांनी टाचेच्या वर बोट ठेवलं आणि ते बोट जिथं आत गेलं तिथंच ठेवून बसले.

"पिंपरीला मोठ्या दवाखान्यात जा," ते त्याला म्हणाले. "आजच जा. वाटंत कुणाकडून चोळून घिऊ नगंस. ह्ये माझं काम न्हाई." तो माणूस गयावया करू लागला, आप्पा, तुमचं नाव ऐकून आलो, दवाखान्यात कापतात म्हणतात.  आप्पांनी लेप न लावता कोरडं फडकं घेतलं आणि त्याचं पाऊल खाली झुकवून, माझ्या प्लास्टरमध्ये होतं अगदी तेवढंच झुकवून, वाटेपुरतं बांधून दिलं. इतके दिवस माझ्या पायथ्याशी उभे राहून ते काय बघत होते, ते मला तेव्हा समजलं.

त्याला उचलून नेल्यावर शेजारचे किसनतात्या, त्यांना गप्प बसवतच नसे, हसत म्हणाले, "आप्पा, लेकीनं पट्टी सोडली ती सोडली, आता वैदकीबी काढून घेतली म्हना की." दोघंतिघं हसले. आप्पा बादलीतल्या पाण्यानं हात धूत होते. हात धुऊन झाले, पंचाला पुसून झाले, आणि ते म्हणाले, "तिनं पट्टी सोडली न्हवती."

 आप्पांना वाटलं असावं की कुणाला नीट ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "एकदाबी न्हाई." मग टोपी घातली आणि मागच्या दारानं ज्वारीत गेले. माणसं थोडा वेळ बसून राहिली, मग एकेकानं आपापली चप्पल शोधली. काही जण आणलेली अंडी परत घेऊन गेले.

पडवीत वाटीत दोन अंड्यांचं पांढरं तसंच राहिलं होतं. आत्यानं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग पिवळ्यासकट कढईत घातलं. आमच्या घरात अख्खं अंडं शिजलं ते त्या दुपारी, पहिल्यांदा. आप्पा परत आले, आपलं ताट घेऊन माझ्या खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि जेवले. पांढरं त्यांनी आधी बोटानं दाबून बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. भाकरी संपली, त्यांनी ताटात पाणी घालून हात धुतला, आणि जाताना माझ्या प्लास्टरवर पांघरलेल्या पंचाचं टोक उडालं होतं ते सरळ केलं. त्या विषयावर आम्ही दोघं पुढे कधीच बोललो नाही. मला वाटतं, मी फार वर्षं वाट पाहिली. चुकलं, एवढं एकच त्यांनी मला म्हणावं, पडवीला नाही, मला. ते राहून गेलं.

गुरुवारची गर्दी हळूहळू कमी झाली. चार-दोन जुनी माणसं येत राहिली. त्यांना आप्पा आधी पालथं झोपवायचे, खांदा दुखत असला तरी आधी पोटरी दाबायचे, आणि ती माणसं गावात जाऊन हसायची. मला त्या पायानं पुन्हा खो-खो खेळता आलं नाही. चालता आलं, संसार करता आला, चाळीस वर्षं उभं राहून पोळ्या लाटता आल्या. उजव्या गुडघ्यानं सगळं निभावून नेलं, आता तो दमला.

काल ऋतुजा आली. टॉवेल दाबून झाला, चवड्यांचा प्रकार झाला, आणि ती विसरली नव्हती. वही उघडून म्हणाली, "हां आजी, डावा पाय. काय झालं होतं?" मी सांगितलं, खेळताना शीर तुटली, ऑपरेशनला उशीर झाला. "उशीर का केला?" मी आजवर प्रत्येक डॉक्टरला जे सांगत आले तेच तिलाही सांगितलं. यांनाही तेच सांगितलं होतं, मुलालाही. आप्पांनी खरं काय ते भर पडवीत सांगितलं आणि त्याची किंमत भरली, आता परक्या माणसाच्या वहीत त्यांचं नाव कशाला लिहू द्यायचं. म्हटलं, "वडील हाड बसवणारे होते. त्यांनी चांगली पट्टी बांधली होती. मीच सोडून खेळायला गेले."

तिनं ते लिहून घेतलं आणि मान हलवली. "ऐकायला हवं होतं तुम्ही त्यांचं."

"हो ना," मी म्हटलं, आणि पुन्हा टॉवेल दाबून मोजायला लागले.